पाण्याने ठरविलेली मुदत

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या उपसाकेंद्रापासून पठारावरच्या टाकीपर्यंत पाच किलोमीटर लांबीची पोलादी जलवाहिनी चढत गेलेली असावी, तिच्यातून सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने पाणी वर जात असावे, आणि आषाढातल्या एखाद्या रात्री वीज अकस्मात जाऊन सगळे पंप एकाच क्षणी थांबावेत, म्हणजे त्या वाहिनीच्या पोटात जे घडते त्याचे गणित निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्को शहराच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ सालीच मांडून ठेवले आहे. दाबाची एक लाट पंपापासून टाकीकडे निघते, सेकंदाला सुमारे हजार मीटर वेगाने जाते, टाकीवर आदळून परत फिरते आणि दहाव्या सेकंदाला पुन्हा पंपाच्या दाराशी येते. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडविले, तर वाढणारा दाब शंभर मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका भरतो. म्हणून पंपाच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह आधी झपाट्याने बराचसा आणि मग उरलेला सावकाश, अशा दोन टप्प्यांनीच मिटावा लागतो. तो घाईने पुरता मिटला तर वाहिनीचे सांधे निखळतात, आणि मिटावयास विलंब लागला तर माघारी येणारे पाणी पंपाला उलटे फिरवू लागते.

व्हॉल्व्ह मिटण्याची ही मुदत कोणा अधिकाऱ्याने मुक्रर केलेली नव्हती, आणि अर्ज करून ती वाढवून मिळणारीही नव्हती. जलवाहिनीची लांबी आणि लाटेचा वेग या दोहोंनी ती ठरविली होती, आणि लालबागेतल्या एका औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यात बसून दूरदूरच्या उपसाकेंद्रांसाठी नियंत्रणयंत्रे तयार करणाऱ्या आम्हा मूठभर माणसांना तिच्या अधीन राहून आपला प्रोग्रॅम लिहावयाचा होता. २००६ च्या सुमारास त्या यंत्रासाठी रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्याचे काम माझ्याकडे सोपविण्यात आले. त्या निवडीचा हा वृत्तान्त आहे.

आमचा गाळा एका बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला लागून होता. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू होऊन सह्याद्रीच्या माथ्यावर साठविलेल्या पावसाची वीज ज्या गिरण्यांना मिळू लागली, त्या गिरण्यांचा हा मुलूख. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर त्यांतल्या कितीतरी गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले, तरी साचा, पाळी, बदली हे शब्द आणि त्या शब्दांमागचे कसब वस्तीत टिकून राहिले होते. आमच्याकडे पॅनेलची जोडणी करणारे एक वयस्क वायरमन पूर्वी एका गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. संगणकाची भाषा त्यांना येत नव्हती, पण वीज गेल्यावर आणि विशेषतः वीज परत आल्यावर यंत्रे कशी वागतात याचे त्यांचे ज्ञान आम्हा पदवीधरांपेक्षा फार जुने आणि फार पक्के होते.

या निवडीआधीच्या आमच्या यंत्रांत ऑपरेटिंग सिस्टिम नव्हतीच. एकच अखंड फेरा फिरत असे: दाब वाचा, पाण्याची पातळी वाचा, पंपाचा करंट वाचा, काही आज्ञा आली आहे का पाहा, मुख्य केंद्राला तपशील धाडा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. ज्या यंत्राला एकच काम आहे त्याच्यासाठी ही पद्धत उत्तम असते, आणि आजही लहान यंत्रासाठी मी तिचीच शिफारस करीन. परंतु या उपसाकेंद्रांच्या योजनेत मुख्य केंद्राशी संपर्क मोबाईलच्या जाळ्यातून, जीपीआरएस मोडेममार्फत ठेवावयाचा होता, आणि घाटाच्या कुशीत, ढग उतरलेले असताना तो मोडेम जाळ्याला जोडला जाण्यास काही सेकंद घेईल की पुरते एक मिनिट, हे कोणीच सांगू शकत नव्हते. फेऱ्यातले एक काम अनिश्चित काळ खोळंबले की पुढची सारी कामे त्याच्या मागे ताटकळतात. लाट मात्र ताटकळत नाही. तेव्हा मोडेमला हवा तितका वेळ वाट पाहू द्यावी, आणि तरीही वीज गेल्याची खबर येताच त्याला त्या क्षणी बाजूला सारून व्हॉल्व्हचे काम हाती घ्यावे, अशी तजवीज करणारी व्यवस्था आवश्यक होती. आणि रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिमचे मुख्य प्रयोजन तेच आहे.

या ठिकाणी वेग आणि वेळेवर असणे यांची गल्लत अनेक जाणकारही करतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३. मधल्या शहरात कोठे किती पडला याचे पुरेसे मोजमाप नव्हते. पुढल्याच वर्षी महानगरपालिकेने अग्निशमन केंद्रांसारख्या इमारतींवर ३५ स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले आणि दर १५ मिनिटांनी त्यांची आकडेवारी मध्यवर्ती कक्षाकडे येऊ लागली. त्या आकड्याला अर्धे मिनिट उशीर झाला, तरी त्याची किंमत थोडी उतरते, नाहीशी होत नाही. व्हॉल्व्हच्या आज्ञेचे तसे नाही. मुदत टळल्यावर दिलेली बिनचूक आज्ञा ही चुकीच्या आज्ञेइतकीच घातक असते. पहिल्या प्रकारात सरासरी विलंब पाहून निवड करता येते. दुसऱ्या प्रकारात सरासरीला काहीही अर्थ नसून अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत, सगळी संकटे एकदम कोसळली असताना, अधिकात अधिक किती विलंब होईल हा एकच आकडा विचारावयाचा असतो, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत नेमका तोच आकडा फार क्वचित आढळतो.

आमच्यापुढे पर्याय पुष्कळ होते. कॅलिफोर्नियाच्या विंड रिव्हर कंपनीची व्हीएक्सवर्क्स १९८७ पासून नावाजलेली. तिचा मूळ परवाना आणि शिवाय प्रत्येक यंत्रामागे भरावयाचे स्वामित्वशुल्क आमच्या लहान कारखान्याच्या हिशेबात बसत नव्हते. कॅनडातल्या क्यूएनएक्सची रचना मला मनापासून आवडली होती, कारण तिच्यात कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा मूळ गाभा, अगदी लहान ठेवून बाकीचे सारे भाग वेगवेगळ्या दालनांत बंदिस्त केलेले असतात, आणि एक दालन कोसळले तरी शेजारचे उभे राहते. परंतु त्यासाठी प्रोसेसरमध्ये स्मृतीचे असे विभाजन करणारी सोय हवी, आणि आम्ही निवडलेल्या फिलिप्स कंपनीच्या एआरएम-७ जातीच्या चिपमध्ये ती नव्हती. तिच्यात सगळी मिळून ४० किलोबाइट कार्यस्मृती होती. लिनक्सच्या खाली एक छोटे रिअल टाइम कर्नेल सरकवून खुद्द लिनक्सलाच त्याचे सर्वांत कमी अग्रक्रमाचे टास्क, म्हणजे एक स्वतंत्र काम, बनविण्याची युक्ती न्यू मेक्सिकोत आरटीलिनक्सने आणि मिलानमध्ये आरटीएआयने यशस्वी करून दाखविली होती, आणि आमच्यातले तरुण, व्हीजेटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेले अभियंते, त्या बाजूचे होते. त्यांचा युक्तिवाद दुबळा नव्हता: संपर्काची सारी साधने लिनक्समध्ये आयती मिळत होती.

त्या चर्चेला वळण दिले ते मामांनी. टेबलावर लिनक्सचे एक बोर्ड चालू करून दाखविले जात असताना ते मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी विचारले, "साहेब, लाइट जाऊन परत आली, की हे कुठून सुरू होणार?" पहिल्यापासून, असे मी सांगितले. "आणि तेवढ्यात पुन्हा गेली तर?" आम्ही सगळेच गप्प झालो. खेड्यातली वीज एकदा जाऊन एकदा येत नाही. ती येते, जाते, कमी दाबाने लुकलुकते, आणि मगच स्थिरावते. यंत्राला स्वतःची बॅटरी होती हे खरे, पण बॅटरी उतरण्याचा दिवस कधीतरी येतोच, आणि लिनक्सला जागे होण्यास लागणाऱ्या त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात व्हॉल्व्ह कोणत्या अवस्थेत आहे हे जगात कोणालाच ठाऊक नसणार. शिवाय फाइल लिहिली जात असतानाच वीज तुटली, तर पुढच्या खेपेस यंत्र जागे होईल याचीही हमी नाही. "आमच्या खात्यात मोटार परत चालू करायच्या आधी फिटर जाऊन साचा बघून यायचा," मामा म्हणाले, "तिथं बघायला कोण जाणार?" त्या प्रश्नाने आमच्या कसोट्यांचा क्रम बदलला. यंत्र किती कामे करू शकते हा प्रश्न खाली गेला, आणि शून्यातून उठून ते किती लवकर व किती निश्चितपणे शुद्धीवर येते हा प्रश्न वर आला.

उरले ते लहान कर्नेल. रिचर्ड बॅरी यांचे फ्रीआरटीओएस २००३ पासून उपलब्ध होते, पण तेव्हा ते अजून वयात यावयाचे होते. दुसरे मायक्रोसी-ओएस-टू; जाँ लाब्रोस यांनी १९९२ मध्ये एका अभियांत्रिकी मासिकातील लेखातून ज्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि पुढे ज्याचा सोर्स कोड स्पष्टीकरणासह पुस्तकरूपाने छापला, ते. परवान्याचे पैसे द्यावे लागत, पण ते आम्हांस झेपणारे होते. फोर्टातल्या एका पुस्तकविक्रेत्याकडून ते जाडजूड पुस्तक मागविले, आणि गिरगावच्या घरी रात्री जेवणे उरकल्यावर मी ते वाचावयास बसू लागलो.

ते वाचन माझ्या आयुष्यातील उत्तम वाचनांपैकी एक आहे, आणि त्यातला एक भाग येथे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. धावण्यास तयार असलेल्या टास्कांपैकी सर्वांत वरच्या अग्रक्रमाचे कोणते, हे कर्नेलला क्षणोक्षणी ठरवावे लागते. यादी वरून खाली चाळावी, तर टास्क जितके अधिक तितका वेळ अधिक, आणि मग मुदतीचे गणित करता येत नाही. लाब्रोस यांनी ६४ अग्रक्रमांची आठ-आठांच्या आठ गटांत वाटणी केली. कोणत्या गटात कोणी तयार आहे हे एका बाइटच्या आठ बिटांत नोंदविले, आणि प्रत्येक गटाच्या आतली स्थिती दुसऱ्या एकेका बाइटमध्ये. मग आधीच तयार करून ठेवलेल्या एका कोष्टकात दोनदा पाहिले, की उत्तर हाती येते: पहिल्यांदा गट, दुसऱ्यांदा गटातला क्रम. टास्क तीन असोत की साठ, वेळ तितकाच. एवढ्याशा युक्तीत केवढी शिस्त भरलेली आहे! दुसऱ्या दिवसापासून गाळ्यात आम्ही सर्वांनी मिळून ते काही हजार ओळींचे कर्नेल ओळीने वाचून काढले, आणि इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबविणारे तातडीचे इशारे, ज्या ज्या ठिकाणी क्षणभर बंद केले जातात ती प्रत्येक जागा लाल पेन्सिलीने खूण करून ठेवली, कारण त्यांतली दीर्घतम जागा हाच आमच्या अधिकतम विलंबाचा पाया होता. हे मोजमाप विक्रेत्याच्या हवाल्याने न स्वीकारता लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या ऑसिलोस्कोपवर आम्ही स्वतः घेतले.

कामांची विभागणी ठरविताना लिऊ आणि लेलँड यांच्या १९७३ मधील शोधनिबंधाचा आधार मिळाला. ठराविक कालांतराने येणारी, परस्परांवर अवलंबून नसलेली कामे असतील, जे काम अधिक वारंवार येते त्याला वरचा अग्रक्रम दिला असेल, आणि सर्व कामांचा एकत्रित भार प्रोसेसरच्या क्षमतेच्या ६९ टक्क्यांच्या आत असेल, तर कामे कितीही असोत, एकाचीही मुदत चुकणार नाही, असे त्यांनी सिद्ध केले आहे. आम्ही भार त्याच्या पुष्कळ खाली ठेवला.

पण कामे परस्परांवर अवलंबून नसतील, हे गृहीत प्रत्यक्षात कधीच पुरते खरे नसते. दाबाचे आकडे मोजणारे टास्क आणि ते मुख्य केंद्राकडे धाडणारे टास्क एकाच वहीवर लिहितात-वाचतात, आणि एकाने लिहिताना दुसऱ्याला थांबावे लागते. यातून उद्भवणारे संकट किती फसवे असते ते एखाद्या चाळीच्या उदाहरणाने समजेल. गच्चीवरच्या टाकीची किल्ली एकच. ती कोपऱ्यातल्या बिऱ्हाडातला एक मुलगा घेऊन गेला आहे. जिन्यावर लग्नाच्या वऱ्हाडाची दाटी झाली आहे. आणि तिसऱ्या मजल्यावर आग लागून बंबवाला किल्लीची वाट पाहत उभा आहे. वऱ्हाडाला किल्लीशी कर्तव्य नाही आणि आगीची खबरही नाही, तरी बंबवाल्याला खोळंबवले आहे ते त्यानेच. उपाय असा, की किल्ली हाती असेपर्यंत त्या मुलाला बंबवाल्याचा मान द्यावा, म्हणजे वऱ्हाड त्याला वाट करून देईल. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी पुनःपुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला तो याच कारणाने: हवामानाची नोंद घेणाऱ्या कनिष्ठ टास्ककडे कुलूप, मधल्या टास्कांची गर्दी, आणि माहितीची वाहतूक सांभाळणारे वरिष्ठ टास्क ताटकळलेले. उपायाची कळ व्हीएक्सवर्क्समध्ये होतीच. ती पृथ्वीवरून फिरविण्यात आली आणि यान पूर्ववत चालू लागले. मायक्रोसी-ओएस-टूमध्ये ती सोय होती, आणि आमची निवड पक्की करणाऱ्या कारणांत हे एक मोठे कारण.

मला त्या कथेतला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. पृथ्वीवर त्या यानाच्या संगणकाचे जुळे भावंड ठेवलेले होते, आणि दोष त्याच्यावर पुन्हा घडवून आणता आला म्हणूनच त्याचे निदान झाले. आम्ही पाठविलेल्या प्रत्येक जातीच्या यंत्राचे एक भावंड लालबागच्या गाळ्यात, भिंतीला लावून, रात्रंदिवस चालू ठेवण्याचा प्रघात तेव्हापासून सुरू केला. त्याला पाणी नव्हते. पाण्याच्या जागी दाबाचे खोटे आकडे पुरविणारा एक लहान संगणक होता, आणि त्याची वीज वाटेल तेव्हा तोडून वाटेल तेव्हा जोडण्याचा अधिकार मामांकडे होता. तो अधिकार त्यांनी फार मनापासून बजावला.

वॉचडॉगविषयीही त्यांच्या प्रश्नामुळेच नियम ठरला. वॉचडॉग म्हणजे ठराविक वेळात दिलासा न मिळाल्यास यंत्र नव्याने सुरू करणारे स्वतंत्र घड्याळ. कोणत्याही एका टास्कने त्याला परस्पर दिलासा देऊ नये. प्रत्येक टास्कने आपापली हजेरी लावावी, आणि सर्वांची हजेरी भरली तरच देखरेख करणाऱ्या टास्कने तो द्यावा. नाहीतर व्हॉल्व्हचे टास्क निजलेले असताना मोडेमचे टास्क सारे क्षेमकुशल असल्याची ग्वाही देत राहते.

यंत्र दूर आहे म्हणजे काय, याचाही विचार त्या काळात बदलला. पावसाळ्यात लालबागहून दादरला जाताना हिंदमाताचा खोलगट भाग भरलेला असे, आणि ऐन भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत शिरू नये म्हणून पातमुखे बंद केली, की पर्जन्यजलाला पंपावाचून वाट उरत नसे. त्या भागाचे पाणी उपसण्यासाठी पुढे रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र उभे राहिले. अलीकडे दादरचे प्रमोद महाजन उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्या पोटात साठवण टाक्याही बांधल्या गेल्या. नकाशावर ही सारी ठिकाणे हाकेच्या अंतरावर. पण रस्ते पाण्याखाली असताना तेथल्या बिघडलेल्या यंत्रापर्यंत माणूस पोहोचण्यास जो वेळ लागेल, त्या मापाने परळचा पंपही घाटातल्या पंपाइतकाच दूर. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये न मोजता माणूस पोहोचण्याच्या वेळेत मोजावे, आणि तेवढा वेळ यंत्राने कोणाच्याही मदतीवाचून सुरक्षित राहावे, हे माप मी तेव्हापासून वापरीत आलो.

निवडीच्या वेळी जी कसोटी आम्ही सर्वांत शेवटी लावली, ती आज मी सर्वांत आधी लावीन: कंपनीचा मालक बदलला तर काय? विंड रिव्हरने २००० साली प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि पीसॉस या चांगल्या चाललेल्या सिस्टिमचा विकास थांबला. तिच्यावर उभी असलेली यंत्रे जगभर पोरकी झाली. क्यूएनएक्सने २००७ मध्ये आपला सोर्स कोड सर्वांना पाहण्यास खुला केला, आणि २०१० मध्ये ब्लॅकबेरीची मालक कंपनी तिची धनी होताच ते दार पुन्हा बंद झाले. २०१९ मध्ये व्हीएक्सवर्क्सच्या नेटवर्क जोडणीच्या भागात सुरक्षेच्या अकरा त्रुटी उघडकीस आल्या. तो भाग मुळात २००६ मध्ये विकत घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीचा होता, आणि तिने तो इतर सिस्टिमांनाही पुरविलेला असल्याने आपल्या यंत्रात तो आहे की नाही हेच कित्येकांना सांगता येईना. मायक्रोसी-ओएसही या फेऱ्यातून सुटले नाही. २०१६ मध्ये लाब्रोस यांची कंपनी सिलिकॉन लॅब्सकडे गेली. येथे मात्र शेवट चांगला झाला, आणि २०२० मध्ये तो सोर्स कोड सर्वांना मुक्त परवान्याने उपलब्ध करून देण्यात आला. तोपर्यंतच्या साऱ्या काळात आमचे काम अडले नाही, कारण कर्नेलची प्रत आमच्या दप्तरी होती आणि ती समजणारी माणसे गाळ्यात होती.

आता परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. २०२४ मध्ये रिअल टाइमची सोय लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्येच पूर्णपणे दाखल झाली, प्रोसेसर स्वस्त झाले, आणि एकाच पेटीत दोन प्रोसेसर ठेवून संपर्क लिनक्सकडे व व्हॉल्व्ह लहान कर्नेलकडे सोपविणे सहज शक्य झाले आहे. माझा कल त्याच मांडणीकडे आहे. कोणी निविदेचा मसुदा दाखवून सल्ला विचारला, तर कोणत्या सिस्टिमचे नाव घालावे हे मी सांगत नाही. अधिकतम विलंब किती, तो कोणत्या परिस्थितीत मोजला आणि मोजताना मोडेम चालू होता की बंद, वीज तुटल्या क्षणापासून व्हॉल्व्हची स्थिती कळेपर्यंत किती वेळ लागतो, वापरलेल्या प्रत्येक भागाचे मूळ कोठले, आणि यंत्र सेवेत असेपर्यंत सोर्स कोडची पूर्ण प्रत, ती जुळविण्याच्या साधनांसह, योजनेच्या दप्तरी राहील की नाही, एवढ्या गोष्टींची लेखी उत्तरे पुरवठादाराने सहीनिशी द्यावीत, अशी कलमे मी मसुद्यात घालावयास लावतो. आणि त्या यंत्राचे जुळे भावंड पुरविणे हे ऐच्छिक न ठेवता पुरवठ्याच्या मुख्य यादीतच नमूद करावे, असे त्याखाली स्वतंत्र कलम लिहून देतो.